तुम्ही विचारलंत म्हणून: तो निळा डाग खरा आहे का?

ईईजीचा, म्हणजे डोक्यावरच्या इलेक्ट्रोडनी टिपलेल्या मेंदूच्या विद्युत लहरींचा, रंगीत नकाशा पडद्यावर आला की कुणीतरी विचारतंच, "बेसलाइनपेक्षा इथे बदल झालाय, हे कशावरून म्हणता?" नकाशात आडवा वेळ, उभी वारंवारता; बेसलाइनपेक्षा, म्हणजे स्टिम्युलस (चित्र, आवाज असं काही) देण्याआधीच्या पातळीपेक्षा, पॉवर (लहरींची ताकद) वाढली तर लाल, घटली तर निळं. प्रश्न रास्त आहे, कारण नुसत्या गोंगाटाचा नकाशा काढला तरी त्यात लाल-निळे डाग दिसतात.

६४ इलेक्ट्रोड, ४० वारंवारता आणि वेळेचे २०० बिंदू धरले तर ५,१२,००० चौकटी होतात. प्रत्येकीची वेगळी चाचणी ५ टक्क्यांच्या पातळीवर घेतली, तर मेंदूत काहीही बदललेलं नसताना सरासरी २५,६०० चौकटी 'लक्षणीय' ठरतील. बॉनफेरोनीची दुरुस्ती, म्हणजे ५ टक्क्यांच्या पातळीला चाचण्यांच्या संख्येने भागणं, इथे फारच कडक पडते. शेजारच्या चौकटी एकमेकींशी जोडलेल्या असतात, हे ती लक्षातच घेत नाही.

म्हणून मी क्लस्टर (पुंजका) पर्म्युटेशन ही चाचणी वापरते. मारिस आणि ओस्टेनवेल्ड यांनी २००७ मध्ये ती ईईजीसाठी नीट मांडली. बदल नसेलच, तर एखाद्या सहभागी माणसाचा डेसिबलमधला (वाढ अधिक, घट उणे) नकाशा उलट चिन्हाचाही येऊ शकला असता. मग नाणेफेक केल्यासारखी काहींच्या अख्ख्या नकाशांची चिन्हं उलटायची, लगतच्या ठळक चौकटींचा सर्वांत मोठा पुंजका मोजायचा, आणि हे हजारदा करायचं. खरा पुंजका या गर्दीत क्वचितच सापडेल इतका मोठा हवा. माणसं मात्र पुरेशी लागतात. पाचच असतील तर चिन्हांच्या ३२ मांडण्या होतात, आणि दुहेरी (वाढ आणि घट दोन्ही पाहणाऱ्या) चाचणीत पी, म्हणजे बदल नसताना इतका मोठा पुंजका योगायोगाने मिळण्याची शक्यता, ०.०६२५ च्या खाली जाऊच शकत नाही.

पण माझा खरा जीव अडकतो तो बेसलाइनमध्ये. सुरुवातीच्या एका अभ्यासात मी ती स्टिम्युलसला अगदी टेकवून घेतली होती, आणि थीटा या संथ लहरींतली वाढ फिकी पडली. कमी वारंवारतेचा वेव्हलेट (पॉवर मोजायचा लहरीचा साचा) वेळेत लांब पसरतो. स्टिम्युलसनंतरची पॉवर मागे झिरपून बेसलाइनमध्येच मिसळली होती. आता मी स्टिम्युलसच्या आधीचा, उणे ५०० ते उणे २०० मिलिसेकंदांचा तुकडा घेते, आणि तो नकाशा पाहण्याआधी ठरवून लिहून ठेवते. नकाशा पाहून बेसलाइन निवडली, तर पुढची चाचणी कितीही काटेकोर असली तरी तिच्यावर माझा विश्वास बसत नाही. आणखी एक: एकेका ट्रायलला (प्रयोगातल्या एका फेरीला) तिच्याच बेसलाइनने भागू नका. एखादीची बेसलाइन योगायोगाने शून्याजवळ असली की भागाकार अफाट फुगतो. आधी ट्रायल्सची सरासरी, मग गुणोत्तर.

आणि क्लस्टर १८० मिलिसेकंदांपासून दिसतो म्हणून "बदल १८० मिलिसेकंदांना सुरू झाला" असं लिहू नका. कुठेही बदल नाही, हे म्हणणं टिकत नाही, एवढंच ही चाचणी सांगते. क्लस्टरची कड, चौकट ठळक मानायला तुम्ही धरलेल्या उंबरठ्यावर ठरते. उंबरठा हलवला की तीही सरकते.