वीस मिनिटं

श्रावणात आमचा रामबागेतला ग्रुप इंदूरहून ओंकारेश्वरला पायी जातो, ७५-८० किलोमीटर, तीन दिवस. सिमरोल, भेरूघाट, चोरल सगळं झालं, पण मला आठवते ती दुसऱ्या दिवशीची संध्याकाळ, बलवाड्याच्या अलीकडची.

दुपारपासूनच चिडचिड चालू होती. उजव्या टाचेचा फोड फुटून मोजा चिकटलेला, बाजूने कावडवाल्यांचे डीजे, आणि काकांचा एकच धोशा, नाव घेत चला, पाय दुखत नाहीत. दुखत होते. तरी ‘नर्मदे हर’ म्हटलं की समोरचा अनोळखी माणूस हात जोडायचा आणि तेवढ्यापुरतं बरं वाटायचं.

सातच्या सुमारास वहिनी कडेच्या डबक्यात चप्पल धुवायला वाकल्या. आधी तो आवाज आला, कुकरची शिट्टी सुटावी तसा, मग वहिनी ओरडल्या. घोणस. दादाने टॉर्च मारला तेव्हा ती गवतात सरकत होती. घोट्याच्या वर दातांच्या दोन खुणा आणि रक्त थांबेचना.

मग एक म्हणे दोरीने आवळा, दुसरा ब्लेड शोधतोय, काका म्हणाले पुढच्या गावात उतारा करणारा आहे, महादेवाचं नाव घ्या. मी ओरडलो, वयाचा मान न ठेवता, काका, नाव गाडीत बसूनही घेता येतं!

आणि गाडी आलीच. दुधाचा पिकअप. पोरगा २४-२५चा असेल, त्याने भरलेले कॅन एका बाजूला सरकवले. ‘भाभीजी को एक कदम भी मत चलने दो.’ माझी काठी पायाला लावून वहिनींच्या ओढणीने सैलसर बांधली, बोट आत जातंय ना ते बघितलं, पैंजण-जोडवी काढायला लावली, सूज चढली की रुततात म्हणून. वाटेत सांगत होता की साप चावल्यावर त्याची आजी झाडफुंक चालू असतानाच गेली. त्याचा फोन सारखा वाजत होता, दुधासाठीच असणार, त्याने उचलला नाही.

बडवाहला सरकारी दवाखान्यात डॉक्टरांनी थोडं रक्त कोरड्या काचेच्या नळीत घातलं, उभं ठेवलं आणि म्हणाले, वीस मिनिटं कोणी हात लावायचा नाही. गोठलं तर ठीक, नाही तर विष रक्तात भिनलंय. मी नळीकडे बघत हरिपाठ म्हणत होतो, ओळी मागेपुढे होत होत्या, दादा तर नुसतं विठ्ठल विठ्ठल. इतकं मनापासून नाव मी कधी घेतलं नव्हतं आणि नजर त्या नळीवरून हलत नव्हती, घरी देवासमोर बसतो तसाच बसलो होतो.

नळी तिरकी केली. रक्त पाण्यासारखं ओघळलं.

लगेच सलाईनमधून अँटिव्हेनम, दहा वायल, फुकट. हे औषध घोड्यांच्या रक्तातून बनतं, घोड्याला थोडं थोडं विष टोचून. म्हणजे कुठल्या तरी घोड्याने आमच्या वहिनींसाठी ते आधीच सोसून ठेवलं होतं, मी त्याला मनात नमस्कार केला. सहा तासांनी पुन्हा नळी, पुन्हा वीस मिनिटं. या वेळी तिरकी केली तरी रक्त हललं नाही आणि दादा भिंतीला टेकून रडला.

काका रात्रभर पायरीवर बसून होते. सकाळी चहा आणला, माझ्या टाचेला पट्टी त्यांनीच बांधली, बोललं कोणीच नाही. बाकीचे पुढे गेले, ओंकारेश्वर, ममलेश्वर, दर्शन छान झालं म्हणे.

कार्तिकात वहिनी म्हणाल्या, राहिलेलं चालायचंय. तिथेच उतरलो. या वेळी सगळ्यांच्या पायात बूट, प्रत्येकाकडे टॉर्च, रात्रीसाठी मच्छरदाणी, चारी बाजूंनी अंथरुणाखाली खोचायची, कारण मण्यार जमिनीवर झोपलेल्याला चावते आणि बऱ्याचदा कळतही नाही. मच्छरदाण्या काकांनी आणल्या होत्या.

जरा चाललो असू तोच मागून तो पिकअप आला. ओळखलं त्याने. दुधाची वेळ होती, थांबला नाही, दोनदा हॉर्न दिला. वहिनींनी ओढणी डोक्यावर घेतली आणि गाडी वळणाआड जाईपर्यंत हात जोडून उभ्या राहिल्या.