बदली वादक

लग्नाच्या मांडवात किंवा बँकेच्या रांगेत कोणीतरी माझी ओळख करून देताना 'हे वाजवतात' असे सांगतो आणि समोरचा गृहस्थ लगेच विचारतो, "काय वाजवता?" या साध्या प्रश्नाला माझ्यापाशी नीट उत्तर नाही. तबलजी तबला म्हणतो आणि मोकळा होतो. मी मात्र घुमट, पेटी, व्हायोलिन, बेस गिटार, थोडेफार ड्रम्स अशी यादी सुरू केली की ऐकणाऱ्याच्या चेहऱ्यावर आधी कौतुक आणि तिसऱ्या वाद्याच्या सुमारास संशय उमटतो. सगळे वाजवणाऱ्याला धड एकही वाजवता येत नसावे, असा तो संशय असतो आणि तो अगदीच निराधार आहे असे मी छातीठोकपणे म्हणू शकत नाही. खरी गोष्ट अशी आहे की यांपैकी एकही वाद्य मी निवडलेले नाही. दर वेळी कोणीतरी उठून गेले, त्याची जागा मोकळी पडली आणि जवळच घुटमळणारा मुलगा म्हणून मला तिथे बसवण्यात आले.

पहिली जागा माझ्या थोरल्या चुलतभावाची होती. गोव्यातल्या फोंडा तालुक्यात आमच्या गावी चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, आरतीची मंडळी घरोघर फिरते आणि त्यात घुमट वाजवण्याचा मान त्याचा असे. तो बोटीवर नोकरीला लागला, म्हणजे आमच्याकडच्या शब्दात तारवटी झाला, आणि त्या वर्षीच्या चवथीला तो कुठल्यातरी समुद्रात होता. घुमट खुंटीला होते. काकांनी ते काढून दोरीसकट माझ्या गळ्यात अडकवले, तेव्हा मी सहावीत होतो आणि ते माझ्या पोटापेक्षा मोठे होते.

घुमट म्हणजे दोन तोंडांचे मातीचे भांडे. मोठ्या तोंडावर कातडे ताणून बसवलेले असते आणि लहान तोंड उघडे असते. पाहणाऱ्याचे लक्ष कातड्यावर नाचणाऱ्या उजव्या हाताच्या बोटांकडे जाते, पण खरी मेख डाव्या हातात आहे. लहान तोंडावर डावा तळवा किती ठेवायचा आणि नेमका कधी उचलायचा, यावर आतल्या हवेचा नाद ठरतो; तळवा दाबून धरला तर तो आतल्या आत कोंडतो आणि वेळेवर उचलला तर पोटातून घुमत बाहेर येतो. मी घाबरून तळवा दाबूनच धरला होता. शेजारी दोन बारीक काठ्यांनी शामेळ हे चर्मवाद्य वाजवणारे काका कासाळ्यांच्या, म्हणजे झांजांच्या, गजरातून ओरडले, "अरे, तोंड दाबून मारतोस काय त्याला? श्वास घेऊ दे!" मला मिळालेला वादनाचा पहिला धडा तो आणि आजवर त्याहून उपयोगी धडा दुसऱ्या कोणी दिलेला नाही.

चवथ ऐन पावसाळ्यात येते आणि दमट हवेने कातडे सैल पडते, म्हणून दोन घरांच्या मध्ये घुमट चुलीच्या उबेला धरावे लागे. पूर्वी हे कातडे घोरपडीचे असे. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने घोरपडीला अभय मिळाले आणि आता बकऱ्याचे कातडे लावतात. जुने वादक म्हणतात की तो आवाज गेला. फरक माझ्याही कानाला कळतो, परंतु घोरपडीच्या बाजूने विचार केला तर तक्रार करवत नाही. २०१९ साली राज्य सरकारने घुमटाला वारसा वाद्याचा दर्जा दिला, तेव्हा काका हयात नव्हते. असते तर त्यांनी त्या बातमीवर फक्त मान हलवली असती.

पेटीची गोष्ट पहाटे तीनची आहे. देवळात भजनी सप्ताह चालू होता. सप्ताहात भजन अखंड चालावे लागते, गळे बदलतात, हात बदलतात, पण नाद तुटता कामा नये. पेटीवाले अण्णा रात्री दहापासून बसले होते. त्यांनी एका अभंगाच्या मध्येच इकडेतिकडे पाहिले, झोपेने पेंगणाऱ्या मला खुणेने जवळ बोलावले, माझे उजवे बोट काळी एकवर, म्हणजे सप्तकातल्या पहिल्या काळ्या पट्टीवर, टेकवले, डावा हात भात्यावर ठेवला आणि ते उठून चहाला गेले. एवढाच तो दीक्षाविधी. मला सा रे ग म वाजवता येत असे, पण अभंग येत नव्हता. बुवांनी डोळ्यांनीच बजावले की नुसता सा धर. मी धरला. थोड्या वेळाने धीर करून करंगळीने पंचम धरला, आणि पुढची पाऊण घटका त्या दोन पट्ट्यांवर काढली. तेवढ्या वेळात लक्षात आले की पेटीत बोटांपेक्षा भात्याला जास्त अक्कल लागते. भाता घाईने दाबला की सूर फुगतो आणि विसरला की बुवांच्या पायाखालची जमीन खचते. अण्णा परत आले तेव्हा त्यांनी मला उठवले नाही. ते माझ्या मागे बसून राहिले आणि अभंग संपल्यावरच त्यांनी पेटी आपल्याकडे ओढली. पुढे त्यांनी मला रीतसर शिकवले, पण मी पेटीवाला झालो तो त्या पहाटे.

मी आठवीत असताना वडिलांची बदली मडगावला झाली. शेजारी एक वृद्ध ख्रिस्ती गृहस्थ राहत. एके काळी ते चर्चच्या गायनवृंदाचे प्रमुख होते, म्हणून वाड्यावरचे लोक त्यांना अजूनही मेस्त म्हणत. घराच्या बाल्कांवावर, म्हणजे दारापुढच्या बैठकीच्या ओट्यावर, ते मुलांना व्हायोलिन शिकवत. त्यांचा एक विद्यार्थी आईवडिलांबरोबर पोर्तुगालला गेला आणि मंगळवार-शुक्रवारची संध्याकाळ मोकळी झाली. विद्यार्थ्याने मागे ठेवलेले तीन-चतुर्थांश मापाचे व्हायोलिनही मोकळेच होते. मेस्तांनी कुंपणावरून वडिलांना विचारले की तुमचा मुलगा दिवसभर जेवणाच्या टेबलावर ताल धरून असतो, तर त्याच्या हातांना काही काम द्यावे काय.

गोव्यातल्या चर्चच्या शाळांनी पिढ्यानपिढ्या मुलांना स्वरलिपी वाचायला शिकवले आणि त्या जोरावरच पुढे गोव्याचे वादक मुंबईच्या सिनेमा-वाद्यवृंदांत जाऊन बसले. माजोर्ड्याचे अँथनी गोन्साल्विस हे व्हायोलिनवादक आणि शिक्षक सगळ्यांना ठाऊक आहेत. कुडचड्याचे फ्रँक फर्नांड ट्रम्पेट आणि व्हायोलिन दोन्ही वाजवत. एक फुंकायचे आणि एक घासायचे, असा दोन्हीकडचा मामला सांभाळणारा माणूस आमच्याच राज्यात होऊन गेला, हे कळल्यावर मला स्वतःबद्दल जरा कमी संकोच वाटू लागला.

मेस्तांच्या घरी माझी पहिली अडचण गजाची नव्हती की बोटांची नव्हती. ती 'दो'ची, म्हणजे पाश्चात्त्य सरगमीतल्या पहिल्या स्वराची होती. आमचा सा गायकाच्या गळ्याप्रमाणे बसतो. बुवांचा काळी एक, तर त्यांच्या शिष्याचा पांढरी दोन, आणि दोन्ही सा खरेच. मेस्तांचा दो मात्र एकाच जागी असे. मी एखादी चाल दुसऱ्या तारेवरून सुरू करून तिथल्या पहिल्या स्वराला मनात सा म्हटले की ते गज वर करून थांबवत आणि म्हणत, "तो दो नाही. दो तिथे खाली आहे. तो कुठे जात नाही." शेवटी मी मनाची समजूत घातली ती अशी: यांचा दो म्हणजे वाटेवरचा दगडी क्रूस, पिढ्यानपिढ्या एका जागी उभा, आमचा सा म्हणजे पालखीतला देव, आज या मांडावर तर उद्या त्या अंगणात. त्यानंतर दोघांचे भांडण उरले नाही. मात्र आजही स्वरलिपी वाचताना मला क्षणभर खालच्या खिडकीतून वरच्या माळ्यावर चढल्यासारखे होते.

मेस्तांकडे नाताळच्या सुमारास मांडो, म्हणजे संथ चालीची कोकणी गाणी, म्हणत. व्हायोलिनच्या साथीला कोपऱ्यात ठेवलेले वाद्य बाहेर काढले, तर ते घुमट. आरतीचे म्हणून मी जे गळ्यात घालून फिरलो, तेच मांडोच्या संथ लयीत मेस्तांचा भाऊ मांडीवर घेऊन बसला होता. मी डाव्या तळव्याकडे पाहत राहिलो. तो अगदी काकांसारखाच उचलत होता.

कॉलेजसाठी पणजीला आलो तेव्हा बँडमध्ये शिरण्याचा माझा काही विचार नव्हता. कांपालच्या कला अकादमीत, चार्ल्स कोरिया यांनी बांधलेल्या त्या इमारतीत, भारतीय आणि पाश्चात्त्य संगीताचे वर्ग एकाच छपराखाली चालत. तिथे पेटीचा नाही तर व्हायोलिनचा वर्ग धरावा, एवढेच मनात होते. पण वर्गातल्या तिघांचा बँड होता आणि त्यांचा बेसवाला नापास होऊन घरी गेला होता. बेस गिटार वाजवायला कोणी राजी नसे. गिटारवाल्याला टाळ्या मिळतात, गाणाऱ्याला मुली ओळखतात, ड्रमरला निदान घाम तरी येतो. बेसवाला बाजूला खांबासारखा उभा. मला ते वाद्य पाहताक्षणी आवडले, कारण त्याच्या तारा खालून वर ई, ए, डी, जी अशा होत्या आणि व्हायोलिनच्या खालून वर जी, डी, ए, ई. तीच चार माणसे, फक्त उलट्या रांगेत उभी. अर्थात बोटांना हे तत्त्वज्ञान पटले नाही. पहिल्या आठवड्यात चार फोड आले आणि मेसमधली आमटी मी डाव्या हाताने वाढून घेऊ शकत नव्हतो.

गाणी आम्ही कॅसेटवरून उतरवत असू. आमच्या टेपरेकॉर्डरचे सेल उतरले की तो हळू फिरे आणि गाणे पाव-अर्ध्या स्वराने खाली येई. एकदा संबंध गाणे आम्ही तसेच बसवले, गिटारींच्या तारा कॅसेटशी जुळवून. मग कीबोर्डवाला आला आणि त्याच्या दोन पट्ट्यांच्या बरोबर मध्ये आमचे गाणे अडकलेले निघाले. तो हताश झाला. माझ्या आतला भजनी मुलगा मात्र म्हणत होता की सा कुठेही ठेवा, बाकीच्यांनी येऊन मिळावे.

एका आंतरमहाविद्यालयीन स्पर्धेत दुसऱ्याच कडव्यात माझ्या बेसची वायर निसटली. मी खाली वाकून ती शोधत होतो, गाणे चालूच होते, आणि समोर नाचणाऱ्या मुलांपैकी कोणालाही काय गेले ते समजले नाही. त्यांचे पाय तेवढे मंदावले. कोणीतरी दिवे घालवावेत तसे ते एकमेकांकडे पाहू लागले. वायर बसली, पहिला ई घुमला आणि मैदान पुन्हा उसळले. परीक्षकांनी आम्हांला काहीच दिले नाही, पण मला त्या दिवशी बेस कशासाठी असतो ते समोर पाहायला मिळाले.

ड्रम्सचा प्रसंग थोडक्यात सांगतो, कारण त्यात सांगण्यासारखे कर्तृत्व नाही. ड्रमरची प्रात्यक्षिक परीक्षा आणि आमचा कार्यक्रम एकाच दिवशी आला. चार दिवसांत मी उजव्या पायाला एक, डाव्या पायाला दुसरे आणि दोन हातांना दोन कामे लावून पाहिली. चौघेही एकमेकांना ओळखत नसल्यासारखे वागले. सुट्टीत घरी आल्यावर मी ही व्यथा मांडली, तेव्हा वडिलांनी लयभास्कर खाप्रुमामा पर्वतकरांचे नाव काढले. खाप्रुमामा हातांनी एक ताल, पायांनी दुसरा आणि तोंडाने तिसरा एकाच वेळी धरत, असे आमच्याकडे सांगतात. "आणि तुला इंग्रजी चारचा ठेका जमत नाही," असे म्हणून त्यांनी वर्तमानपत्र उघडले.

तिसऱ्या वर्षानंतर गाणारा बंगळूरला गेला, ड्रमर आखातात आणि गिटारवाला मामाच्या धंद्यात. त्या उन्हाळ्यात प्रथमच सगळ्या जागा एकदम मोकळ्या पडल्या आणि मला कोणी बोलावले नाही. शिवोलीचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांनी १९८०च्या दशकात घरातच चार ट्रॅकच्या यंत्रावर एकेक वाद्य स्वतः वाजवून संबंध कॅसेट तयार केली होती. मित्रांनी मलाही तो मार्ग सुचवला. मी उसन्या यंत्रावर तसा प्रयत्न केला. बेस ठीक झाला, व्हायोलिन बरे झाले, घुमटही लावले, आणि सगळे एकत्र ऐकल्यावर एकच माणूस चार खोल्यांतून स्वतःशी बोलत असल्यासारखे वाटले. रेमो यांच्या डोक्यात सगळा बँड आधीच हजर असावा. मला कोणाचीतरी गैरहजेरी लागते.

गेल्या चवथीला गावी गेलो. चुलतभाऊ बोटीवरची नोकरी संपवून कायमचा परतला आहे आणि त्याने घुमट गळ्यात घातले होते. पेटीवर पुतण्या, शामेळावर त्याचा मित्र, आणि कासाळ्यांसाठी तर तीन मुले आपापसांत भांडत होती. मी सवयीने सगळीकडे नजर फिरवली. एकही जागा मोकळी नव्हती. मग हात जोडून माणसांत उभा राहिलो आणि आरती सुरू झाली. पहिले कडवे मी मोठ्याने म्हटले, दुसरे जरा हळू, आणि तिसऱ्याला माझे नुसते ओठ हलू लागले. चाळीस वर्षे ही आरती वाजवली. तिचे कोणते अक्षर समेवर येते ते झोपेतही सांगेन, पण त्या अक्षराच्या पुढचे शब्द मला कधी म्हणावेच लागले नव्हते. शेजारी उभी असलेली पुतणी, जेमतेम दुसरीतली, माझ्या तोंडाकडे टक लावून पाहत होती. तिने आपली आरत्यांची पुस्तिका माझ्या पुढ्यात धरली, चालू ओळीवर बोट ठेवले आणि माझे म्हणणे नीट ऐकू यावे म्हणून स्वतःचा आवाज थोडा कमी केला.