आमची वाटचाल : जाळी, पट्टी आणि कडी

शिराळा तालुक्यात आमचं वर्कशॉप २००८ साली सुरू झालं. गेट, ग्रिल, ट्रॉलीची दुरुस्ती, सगळी फॅब्रिकेशनची कामं. कोंबड्यांच्या खुराड्याकडे वळलो ते ओढ्याकडच्या आक्कांमुळे. तोवर आमच्याकडे रात्री डालगं, म्हणजे विणलेली मोठी टोपली, पालथं घालून वर दगड ठेवायची रीत. आक्कांना पंचवीस गावठी पाळायच्या होत्या, त्या डालग्यात कुठून मावणार?

अँगलची चौकट, वर पत्रा आणि चारी बाजूंनी सहाकोनी चिकन जाळी. सगळे तीच लावायचे, मीही लावली. पंधरा दिवसांनी सकाळी सहाला आक्कांचा नातू सायकलवरून बोलवायला आला. बसायच्या दांडीखाली सात कोंबड्या पडल्या होत्या. दोघींच्या मुंड्या नव्हत्या, बाकीच्यांच्या मानेवर नुसते दात. खाल्लेली एकच. खालच्या कोपऱ्यात जाळीचे पीळ उलगडून भोक पडलेलं आणि तारेच्या टोकाला पिवळट राखी केस. रानमांजर. उसाची तोड चालू होती. फड मोकळे झाले की ही जनावरं वस्तीकडे सरकतात. कोंबडीला अंधारात दिसत नाही, शेजारची गेली तरी ती दांडी सोडत नाही.

आक्का ओरडल्या नाहीत. चहा दिला, मग त्या भोकात हात घालून म्हणाल्या, "कोंबड्या कोंडायची सोय केलीस बाबा. राखायची कुठाय?"

त्याच आठवड्यात ती सगळी जाळी उतरवली आणि पदरच्या पैशाने अर्धा इंची वेल्डमेश, म्हणजे तारा एकमेकींना वेल्ड केलेली चौकोनी जाळी लावली, गॅल्वनाइज्ड, तार सोळा गेज. तेव्हापासून आमच्या दुकानातून सहाकोनी जाळीचं खुराडं बाहेर पडलेलं नाही. जाळी बाइंडिंग तारेने बांधायची नाही. अँगल आणि पट्टीच्या मध्ये दाबायची, सहा-सहा इंचांवर बोल्ट. चौकट गुण्याला, म्हणजे काटकोनात, बसली नाही तर दाराला फट राहते आणि बोटभर फटीतून घुशीचं पिल्लू येतं, साप येतो. तळाला बाहेरच्या बाजूने दीड फुटाची जाळी जमिनीवर आडवी पसरून वर माती लोटायची, तिला आम्ही झालर म्हणतो. उकरणारं जनावर नेमकं भिंतीच्या बुडाशी उकरतं, तिथे पंजाला जाळी लागते. मागे सरून उकरायचं त्याच्या डोक्यात येत नाही. त्या वेळी घेतलेली जाळीची लांब दांड्याची कात्री अजून माझ्या हातात आहे; दोनदा धार लावून घेतली, मूठ एकदा बदलली.

पुढची सहा-सात वर्षं बरी गेली.

२०१८ ला मध्य प्रदेशातल्या झाबुआच्या कडकनाथ कोंबडीला भौगोलिक मानांकन मिळालं आणि आमच्या भागात सगळ्यांच्या तोंडी कडकनाथ. पैसे भरा, पिल्लं-खाद्य आम्ही देतो, अंडी आम्हीच घेतो, असं एका कंपनीचं सांगणं. शेतकऱ्यांनी कर्ज काढून शेड मारले. आमच्याकडे एका हंगामात एक्केचाळीस कामं आली. जाळी, पट्टी, पत्रा सगळं मी कोल्हापूरहून उधारीवर उचललं, कारण शेतकरीही म्हणत होते, पहिला हप्ता आला की देतो. हप्ता आलाच नाही. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णा-वारणेला महापूर आला आणि त्याच सुमारास ती योजनाही बुडाली. ज्याच्या दारात उपाशी पक्षी ओरडतायत, त्याच्याकडे जाळीचे पैसे कोणत्या तोंडाने मागायचे? कोल्हापूरचा व्यापारी मात्र दर सोमवारी फोन करायचा. छोटा हत्ती टेम्पो विकला. दोन पोरं कामावरून कमी करावी लागली, त्यातला एक आठ वर्षं माझ्याकडे होता.

नेमक्या त्याच वेळी रस्त्यापलीकडे एकाने दुकान टाकलं. आमच्याच मापाचं खुराडं, आमचाच हिरवा रंग, आत चिकन जाळी, दर निम्मा. लोक विचारायचे, "तुमचं एवढं महाग का?" मला खरं दुःख याचं की तिथलं खुराडं फाटलं तरी लोक म्हणायचे, लोखंडी खुराडी सगळी असलीच. त्या दिवाळीत मीही चिकन जाळीचा एक रोल आणून ठेवला होता. आक्का विळ्याला धार करून घ्यायला आल्या, रोलकडे बघितलं, काही बोलल्या नाहीत. दुसऱ्या दिवशी लेकीसाठी आणि दोन भाच्यांसाठी वेल्डमेशच्या तीन खुराड्यांचे पैसे रोख ठेवून गेल्या. रोल मी परत पाठवला.

विषय निघालाच आहे तर सांगतो. बसायची दांडी जाळीपासून हातभर आत घ्या, नाहीतर बाहेरूनच मुंडी ओढली जाते. हवेची झरोकी वर ठेवा आणि तिथेही हीच जाळी मारा. उदमांजर छपरावरून येतं. साधी कडी कुत्रं नाकाने उडवतं, टॉवर बोल्ट लावा आणि त्यात खिळा घाला. मुंगूस दिवसाचं जनावर आहे, ते रात्रीच्या खात्यात लिहू नका. आणि फासे, विष काही लावू नका. रानमांजर, उदमांजर, मुंगूस यांना मारणं १९७२ च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि विषाने आधी मरतं ते घरचं कुत्रं.

आक्कांचं खुराडं अजून उभं आहे. खालची पट्टी गंजली होती, ती गेल्या पावसाळ्याआधी बदलली. त्या एक्केचाळीस जणांपैकी बत्तीस जणांनी पुढे थोडे थोडे करून पैसे फेडले, एकाने तर ज्वारीची पोती आणून टाकली. नऊ नावं उधारीच्या वहीत अजून आहेत. मी ती खोडलेली नाहीत.