तुम्ही विचारलंत म्हणून: आधी पोलीस की आधी गोळी?

मुंबईत महापालिकेच्या रुग्णालयात सिस्टर आहे म्हटल्यावर लग्नकार्यातसुद्धा कुणीतरी मला बाजूला घेतं. "एखाद्या मुलीवर जबरदस्ती झाली, तर दिवस राहू नयेत म्हणून गोळी देतात ना? त्याला आधी पोलीस कंप्लेंट लागते का?" ती एखादी मुलगी कोण, हे मी विचारत नाही.

कंप्लेंट लागत नाही. आधी हॉस्पिटल गाठा. केईएम, सायन, नायर, कूपर, जे जवळ असेल ते; खासगीसुद्धा चालेल. एफआयआर नसली तरी उपचार करावेच लागतात, तेही फुकट. नाकारले तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २०० खाली एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. हॉस्पिटल पोलिसांना कळवतं, हे मात्र मी आधीच सांगून टाकते. सज्ञान बाईला तक्रार द्यायची नसेल तर तिचा नकार लिहून घेतात. गोळी त्यासाठी अडत नाही. मुलगी अठराच्या आतली असेल तर पॉक्सोमुळे, म्हणजे मुलांवरच्या लैंगिक अत्याचाराविरुद्धच्या कायद्यामुळे, कळवण्याला पर्यायच नाही.

खरी घाई गोळीची. लेव्होनॉर्जेस्ट्रेल, दीड मिलिग्रॅम, ७२ तासांच्या आत, आणि त्यातही जितकी लवकर तितकी बरी. पाच दिवसांपर्यंत देता येते, पण असर घटत जातो. दोन-तीन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ही गोळी गर्भ पाडत नाही, बीज बाहेर पडणं लांबवते. हे मला बायकांपेक्षा त्यांच्या सासवांना जास्त वेळा समजवावं लागतं!

"मग मेडिकलमधून आणली तर?" आणा की. चिठ्ठीशिवाय मिळते, आणि रात्री घराबाहेर पडणं जमत नसेल तर तीच घ्या. तिने पुरावा पुसला जात नाही. पण ती फक्त दिवस राहण्यापुरती. एचआयव्ही टाळायची औषधंही ७२ तासांच्या आतच सुरू करावी लागतात, आणि ती काउंटरवर मागून मिळत नाहीत. जखमा, इतर संसर्ग, पुराव्याचे नमुने, हेही हॉस्पिटलातच. आंघोळ झाली, कपडे धुतले, तरी या. 'टू फिंगर टेस्ट'ची, म्हणजे योनीत दोन बोटं घालून करायच्या तपासणीची, भीती अजून बऱ्याच जणींना असते. सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये ती करणाऱ्याला गैरवर्तनाचा दोषी धरायला सांगितलंय. कुणी करू लागलं तर सरळ नाही म्हणा.

गोळीनंतर पाळी थोडी मागेपुढे होते. आठवडाभर उशीर झाला तर लघवीची तपासणी करून घ्या. तरीही दिवस राहिलेच, तर बलात्कारानंतरच्या गर्भपाताला कायद्याने २४ आठवड्यांपर्यंत मुभा आहे.