चारफुटी फिश टँक, अपडेट: केएच (पाण्यातली कार्बोनेटं, जी पीएच घसरू देत नाहीत) शून्य

मंडळी, सापडलं! दोन महिने, तीन वॉटर चेंज, अकरा रमीनोज (लाल नाकाचे टेट्रा मासे) आणि चार कोरी (तळाशी राहणारे मासे) गेल्यानंतर शुक्रवारी रात्री साडेदहाला मासे मरण्याचं कारण सापडलं.

मागच्या वेळी लिहिलं तेव्हा मी क्लोरीनपाशी अडकले होते, कारण मासे मरायचे ते पाणी बदललेल्या दिवशीच. सकाळी पाणी बदललं की दुपारपासून सगळे वर येऊन धापा टाकायचे, रमीनोजच्या नाकाची लाली उतरायची, कोरी काचेला घासत वर-खाली पळायच्या. मेलेल्या कोरीचे कल्ले टॉर्चखाली पाहिले, तर गुलाबीऐवजी विटकरी. क्लोरीन काढणारं हायपो दुप्पट केलं, पाणी दोन दिवस ड्रममध्ये एअर स्टोन लावून ठेवलं, तरी गेलेच. हीटर काढून ठेवला, घरातलं डासांचं लिक्विड बंद केलं, मिथिलीन ब्लू झालं, मीठ झालं. दुकानदाराने दिलेलं पिवळं औषधही घातलं. पाण्याचा एकही आकडा न विचारता बाटली हातात ठेवणाऱ्या दुकानातून मी यापुढे औषध घेणार नाही.

धागा आईने काढून दिला. "अगं, टँकर सुरू झाल्यापासूनच मरतायत तुझे मासे. त्याआधी एक तरी मेला होता का?" नव्हता. आमच्या सोसायटीत मार्चअखेरपासून टँकर येतात, म्हणजे बोअरचं पाणी. त्याआधी निव्वळ पालिकेचं, खडकवासल्याचं. दोन्ही मोजली. पालिकेचं केएच 3 डिग्री, पीएच 7.4. टँकरचं केएच 14, पीएच 8.2. वाटलं, झालं, जड पाणीच नडलं. पण त्याच टँकरच्या पाण्याने गप्पींच्या टँकमध्ये मी अर्धं पाणी बदलते आणि तिथे एकाला काही होत नाही. म्हणजे पाण्यात विष नव्हतं. घोळ चारफुटीतच होता.

मग पहिल्यांदाच, पाणी बदलायच्या आधी चारफुटीचं पाणी तपासलं. आतापर्यंत मी मासे मेल्यावर तपासत होते आणि अमोनिया दिसला की ड्रिफ्टवुडमागे एखादा मेलेला कुजत असेल असं धरून चालत होते. चार वर्षं चाललेल्या टँकचा अमोनिया एरवी कोण मोजतं? माझ्याकडच्या पट्ट्यांवर तर अमोनियाचा चौकोनच नाही. एपीआय कंपनीचा थेंबांनी तपासायचा लिक्विड किट महाग पडतो, पण पट्ट्यांवर घातलेले पैसे आधीच त्यात घातले असते तर आज निम्मे मासे असते.

अमोनिया आला 4 पीपीएम. पीएच पिवळा, म्हणजे 6.0. इथे मी पुन्हा फसणार होते. या किटची पीएचची रंगपट्टी 6.0 पासूनच सुरू होते, त्यामुळे पिवळा म्हणजे सहा किंवा त्याखालचं काहीही. मग केएच. पहिल्या थेंबाला पाणी निळं पडायला हवं आणि ते पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. मी एक थेंब टाकला, ट्यूब हलवली, आणि पाणी थेट पिवळं. निळं पडलंच नाही.

तिथेच सगळं जुळलं. डिसेंबरमध्ये तळाला घातलेली अ‍ॅक्वासॉइल (झाडांसाठीची माती) केएच शोषते. वर पाणी आम्ल करणारी बदामाची पानं. अमोनियाचा नायट्रेट करणारे फिल्टरमधले जिवाणू एक मिलिग्रॅम अमोनिया-नायट्रोजनमागे सात मिलिग्रॅमच्या आसपास अल्कलिनिटी, म्हणजे केएचच, खातात. केएच संपला की पीएच घसरतो, आणि सहाच्या आसपास जिवाणूंचं काम जवळजवळ थांबतं. जानेवारीपासून नायट्रेट 40 वरून 5 वर आला म्हणून मी खूश होते, वॉटर चेंजही तीन आठवड्यांवर नेला. नायट्रेट तयारच होत नव्हता! आणि रॅम्सहॉर्न गोगलगायींच्या शंखांच्या टोकांना फेब्रुवारीपासून पांढरे खड्डे पडत होते. ते मी त्यांच्या वयावर ढकललं.

आम्ल पाण्यात हा जवळजवळ सगळा अमोनिया अमोनियमच्या, म्हणजे फारशा विषारी नसलेल्या रूपात असतो, म्हणून मासे तग धरून होते. 30 अंशांना, पीएच 6 असताना त्यातला मोकळा, विषारी अमोनिया हजारात एकापेक्षाही कमी. पीएच 8 ला शंभरात सातच्या वर. आणि मी एका सकाळी 40 टक्के पाणी 8.2 चं ओतत होते.

आधी आरओ घ्यायचं ठरवलं होतं. ते रद्द, आरओने केएच आणखी खाली जाईल. मग ठरवलं, कोकणातून आणलेले शिंपले कुटून, जुन्या स्टॉकिंगमध्ये भरून कॅनिस्टर फिल्टरमध्ये टाकायचे, म्हणजे केएच वाढेल. पण अमोनिया 4 असताना पीएच चढवला तर मीच पुन्हा तेच करेन. शिंपले थांबवले.

मग रोज एकच बादली, 15 लिटर, तीही पालिकेच्या पाण्याची असं चाललं होतं, आणि दुसऱ्या दिवशी बादली भरताना लक्षात आलं की मला हवा असलेला केएच त्या टँकरच्या पाण्यातच आहे. एक भाग टँकरचं, चार भाग पालिकेचं: केएच पाचच्या थोडा वर. तेच घालतेय, सोबत प्राइम (पाण्याचं कंडिशनर). खाणं बंद. गप्पींच्या टँकमधला हॉर्नवर्ट या पाणवनस्पतीचा मोठा झुपका इकडे तरंगत सोडलाय, अमोनियम खायला.

आज पाचवा दिवस. अमोनिया 2. पीएचच्या पिवळ्यात हिरवट झाक आली आहे. आणि केएचच्या ट्यूबमध्ये पहिला थेंब निळा पडला! दुसऱ्याला पिवळा झाला, पण पहिला निळा होता. आईला हाक मारून दाखवला. एकही मासा गेलेला नाही. उरलेले नऊ रमीनोज आज सकाळी लाइट लागल्यावर एकत्र पोहत होते, नऊच्या नऊ नाकं लाल.

अमोनिया अर्ध्या पीपीएमच्या खाली आला की शिंपले कॅनिस्टरमध्ये, आधी एकच मूठ. कोरी इतक्यात आणणार नाही. बोअरच्या पाण्यातला नायट्रेट मात्र मोजायचा राहिलाय, तो उद्या टँकर आला की मोजते. पुण्यात कोणी बोअरचं पाणी मिसळून टेट्रा सांभाळत असेल तर तुमचं प्रमाण आणि नायट्रेटचा आकडा नक्की सांगा.