दोन पडद्यांचा हॉल

आमच्या घरी हल्ली कुणी "पडदा ओढा गं" म्हणालं की दोन माणसं उठतात. एक खिडकीकडे जातं, दुसरं रिमोट शोधायला लागतं. मराठीत दोन्ही पडदेच, त्याला कोण काय करणार! गेले चार महिने मी या दोन्ही पडद्यांच्या मागे होते. आता कुठे हॉलमध्ये सिनेमा नीट दिसायला लागलाय, म्हणून बसून लिहितेय.

मी शिवणकाम करते. खिडक्यांचे पडदे, अभ्रे, सोफ्याची कव्हरं. त्यामुळे प्रोजेक्टर घ्यायचा ठरल्यावर घरातले सगळे यंत्रांच्या मागे लागले आणि माझं लक्ष मात्र कापडावर. ते यंत्र आपल्या डोक्यामागे कुठेतरी घरघरत असतं. दोन अडीच तास आपण टक लावून बघतो ते समोरचं कापड. पण हे मला कुणी बोलूच देईना.

सुरुवात अर्थातच फसली. मुलाने हट्टाने एक छोटा, हातात मावेल एवढा प्रोजेक्टर मागवला. डब्यावर ठळक अक्षरात ९००० ल्युमेन, म्हणजे यंत्र किती उजेड फेकतं त्याचं माप. रात्री दिवे घालवून लावला तर चित्र असं फिकं, जणू दहादा धुतलेलं छापील कापड. नंतर कळलं की नुसतं "ल्युमेन" लिहिलेलं असेल तर तो आकडा कुणीही कितीही फुगवू शकतं. अॅन्सी ल्युमेन किंवा आयएसओ २१११८ प्रमाणे मोजलेले ल्युमेन (दोन्ही मोजायच्या ठरलेल्या पद्धती) असं लिहिलं असेल तरच दोन यंत्रांची तुलना करण्यात अर्थ. तो डबा आता मुलाच्या खोलीत कपाटावर आहे. त्याबद्दल आम्ही बोलत नाही.

मग मी टेप हातात घेतली.

मापं आधी, खरेदी नंतर, हा आमच्या धंद्याचा नियम. सोफ्यावर बसणाऱ्याच्या डोळ्यांपासून समोरची भिंत ३.३ मीटर. नवऱ्याला १२० इंची पडदा हवा होता, का तर आकडा ऐकायला भारदस्त. हे इंच तिरके, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत मोजतात. मी कटिंगचा खाकी कागद जोडून जोडून दोन्ही आकार कापले. १०० इंची म्हणजे २२१ सेंटिमीटर रुंद आणि साधारण १२५ उंच. १२० इंची २६६ बाय १४९. दोन्ही आळीपाळीने भिंतीवर चिकटवून सगळ्यांना समोर बसवलं. १२० इंचीसमोर सासूबाई पाच मिनिटांत म्हणाल्या, "मान दुखतेय गं, हे टेनिस बघितल्यासारखं होतंय." त्यांचं बरोबर होतं. आमच्या अंतरावरून तो कागद नजरेचे जवळजवळ ४४ अंश व्यापत होता. सिनेमासाठी ३० ते ४० अंश बरे, असं सर्वसाधारणपणे मानतात. १०० इंची ३७ अंशांत बसला. शिवाय १२० इंचीचं क्षेत्रफळ १०० इंचीच्या १.४४ पट, म्हणजे तोच उजेड तेवढ्या जास्त कापडावर पसरणार आणि चित्र तेवढं मंद होणार. हे मी नवऱ्याला पावभर रंग मोठ्या पातेल्यात ढवळून कापड रंगवण्याच्या भाषेत सांगितलं. पटलं की नाही माहीत नाही, पण गप्प बसला.

खाकी कागद तीन दिवस तसाच भिंतीवर ठेवला. हे मी प्रत्येकाला करायला सांगेन. येता जाता नजर पडते, कोपरा कपाटाच्या दारात येतो हे कळतं, खालची कड किती उंच असावी तेही कळतं. आमची खालची कड जमिनीपासून ७० सेंटिमीटरवर आली. बसलेल्या माणसाची नजर चित्राच्या खालच्या तिसऱ्या हिश्श्याला लागते, मान वर करावी लागत नाही.

आता उजेडाचा हिशोब. हा मला सगळ्यात मजेशीर वाटला, कारण उत्तर अपेक्षेच्या अगदी उलट निघालं. डिजिटल सिनेमागृहांसाठी जे मानक आहे त्यात पडद्यावरच्या पांढऱ्याची चमक ४८ निट (निट हे चमक मोजायचं एकक) धरलेली आहे. १०० इंची पडद्याचं क्षेत्रफळ पावणेतीन चौरस मीटर. साध्या पांढऱ्या कापडावर तेवढी चमक आणायला सुमारे ४१५ ल्युमेन पुरतात. चारशे पंधरा! मग २५००–३००० ल्युमेनची यंत्रं कशाला? तर तो आकडा यंत्राच्या सगळ्यात भगभगीत मोडमधला, ज्यात बहुधा माणसं हिरवट दिसतात. रंग खरे दिसतील असा सिनेमाचा मोड लावला की उजेड बराच उतरतो. दिव्याचं यंत्र असेल तर दिवा जुना होत जातो तसा आणखी उतरतो. आणि घरात कुणीतरी कोपऱ्यातला दिवा लावतंच.

तो कोपऱ्यातला दिवा हीच खरी गोम. प्रोजेक्टर पांढरं फेकू शकतो, लाल फेकू शकतो, काळं फेकू शकत नाही. चित्रातला काळा म्हणजे फक्त "इथे उजेड टाकला नाही". खोलीत उजेड असताना प्रोजेक्टर बंद करून पडद्याकडे बघा. जो करडा दिसेल तोच तुमच्या सिनेमातला काळा, त्यापेक्षा गडद काही मिळणार नाही. म्हणून दुप्पट ल्युमेनचं यंत्र घेण्याआधी खिडकीला अस्तर लावावं, असं माझं स्पष्ट मत आहे. हे मी अस्तर शिवते म्हणून म्हणत नाहीये. (थोडंसं म्हणून म्हणतेय.)

खिडक्यांना ब्लॅकआउट, म्हणजे उजेड अडवणाऱ्या, अस्तराचे पडदे शिवले, चौकटीच्या दोन्ही बाजूंना १५ सेंटिमीटर जास्त घेऊन. उजेड कडांतूनच घुसतो. तरी काळा काळा होईना. तेव्हा लक्षात आलं की आता चोर छतावर आहे. पडद्यावरचा उजेड पांढऱ्या छतावर जातो, तिथून परत पडद्यावर येतो. चेहरा उजळला की शेजारची सावली पण उजळते. पडद्यासमोरच्या छताचा दीड मीटरचा पट्टा मी गडद राखाडी मॅट रंगाने रंगवून घेतला. पूर्ण छत रंगवायला घरच्यांची ना होती, राहत्या हॉलची गुहा कुणालाच नको होती. एवढ्याशा पट्ट्यानेही फरक इतका पडला की नवऱ्याने विचारलं, "सेटिंग बदललंस का?"

कापडाकडे येते, नाहीतर राहून जाईल.

पहिला प्रयोग पांढऱ्या चादरीचा, सगळेच करतात तसा. चादरीची वीण विरळ, अर्धा उजेड आरपार जाऊन मागच्या भिंतीवर दुसरा सिनेमा चालू. मग तेच उरलेलं ब्लॅकआउट अस्तर पांढरी बाजू पुढे करून चौकटीवर ताणलं आणि काय सांगू, इतकं छान चित्र, की आम्ही महिनाभर तेच वापरलं. ज्यांना एक भिंत कायमची देता येते त्यांनी ताणलेल्या चौकटीचाच पडदा घ्यावा. बाकीच्या सगळ्या प्रकारांना कापड सपाट ठेवण्याची झटापट करावी लागते. आमच्या त्या भिंतीवर टीव्ही आहे आणि तो हलणार नव्हता, त्यामुळे गुंडाळणारा पडदा आला.

साधा, वरून ओढायचा पडदा आधी घेतला. आठ दिवसांत मधोमध झोळ आणि दोन्ही कडा आत वळलेल्या. कॅमेरा आडवा सरकला की चित्रातली इमारत लाटेवरून जायची. इतरांना दिसत नव्हतं म्हणे. मला दुसरं काही दिसतच नव्हतं. तो परत केला आणि ताण असलेला, मोटरवर खाली येणारा पडदा घेतला. त्याची रचना बघून मी अक्षरशः टाळी वाजवली: कापडाच्या दोन्ही कडा आतल्या बाजूला किंचित कमानीसारख्या कापलेल्या, त्या कडांना पट्ट्या, पट्ट्यांतून ओवलेली दोरी, आणि खालच्या जड दांडीमुळे ती दोरी कापडाला सतत बाहेर ओढते. ज्याने हे शोधलं तो मनाने शिंपीच असणार.

कापडाचा "गेन" म्हणून एक आकडा असतो. १.० म्हणजे आलेला उजेड सगळ्या दिशांना सारखा परत देणारं मॅट पांढरं. १.३ किंवा त्यावरचं कापड समोर बसणाऱ्याला जास्त उजेड देतं, पण तो बाजूच्यांच्या वाट्यातून काढून. गेन फार वाढला तर चित्राच्या मध्यभागी एक उजळ डागही दिसतो. सासूबाईंची खुर्ची अगदी कडेला, खिडकीपाशी, आणि ती तिथून हलवायची हिंमत कुणात नाही. म्हणून १.०.

खोलीचा उजेड झिडकारणारे पडदे मिळतात त्यांचाही मोह झाला होता. मखमलीची लव एका बाजूने हात फिरवला तर गडद आणि दुसऱ्या बाजूने उजळ दिसते ना, साधारण तीच युक्ती. भिंतीला खेटून ठेवायच्या प्रोजेक्टरसाठीच्या पडद्यावर आडवे बारीक दाते असतात, त्यांची खालची बाजू खालून येणारं चित्र तुमच्याकडे परावर्तित करते आणि वरची काळी बाजू छताचा उजेड गिळते. ज्यांना दिवसाही बघायचं असतं त्यांना हा उपाय आहे. पण तो पडदा त्याच जातीच्या यंत्राबरोबर घ्यायचा. लांबून फेकणाऱ्या प्रोजेक्टरचं चित्रही तो छताचा उजेड समजून गिळतो. आणि भिंतीजवळच्या यंत्राचा उजेड इतका तिरपा येतो, की कापडावरची केसाएवढी सुरकुतीही डोंगर होते. मला तर झोप लागली नसती.

यंत्र निवडणं यानंतर अर्ध्या दिवसाचं काम उरलं. सोफ्यामागे वर फळी, तिथून पडदा ३.६ मीटर. थ्रो रेशो म्हणजे अंतर भागिले चित्राची रुंदी. आम्ही घेतलेल्या लेन्सचा १.४ ते २.१, म्हणजे तेवढ्यावरून चित्र १.७१ ते २.५७ मीटर रुंद होऊ शकतं. आपलं २.२१ आरामात बसतं. (१२० इंची बसलंच नसतं, हे नवऱ्याला नंतर सांगितलं.) लेन्स शिफ्ट असलेलंच घ्या, चित्र लेन्सनेच वर-खाली सरकतं. कीस्टोन नावाची सोय वाकडं चित्र सरळ करते, पण ती चित्रच आत कापून, ठिपके वाया घालवून. तिरपं कापलेलं कापड इस्त्रीने सरळ होत नसतं.

डीएलपी की थ्रीएलसीडी, म्हणजे यंत्रात चित्र तयार करायची कोणती पद्धत, हा प्रश्न नवऱ्याच्या डोळ्यांनी सोडवला. डीएलपीच्या चिपवर लाखो सूक्ष्म आरसे हलतात. टेक्सास इन्स्ट्रुमेंट्समध्ये लॅरी हॉर्नबेक यांनी १९८७ साली लावलेला हा शोध खरोखर थक्क करणारा आहे. पण घरगुती यंत्रांत बहुधा एकच चिप असते आणि लाल, हिरवा, निळा हे रंग एकामागोमाग एक फेकले जातात. काही लोकांना नजर झटकन फिरवली की कडांना इंद्रधनुष्य दिसतं. मला दिसलं नाही. नवऱ्याला काळ्यावरच्या पांढऱ्या श्रेयनामावलीत प्रत्येक अक्षराला दिसलं. घेण्याआधी घरातल्या प्रत्येकाला ही श्रेयनामावली दाखवा. तीन रंगांना तीन वेगळी पॅनेल असलेल्या थ्रीएलसीडीत तो त्रास नाही, तेच घेतलं. काळा सगळ्यात गडद देणारी एलकॉस या तिसऱ्या पद्धतीची यंत्रंही बघितली. बघितली आणि परत आलो.

फोरकेचा, म्हणजे फुल एचडीच्या चौपट ठिपक्यांच्या चित्राचा, आग्रह मुलाचा. मी हिशोब मांडला: फुल एचडीत आडवे १९२० ठिपके, २२१ सेंटिमीटरमध्ये एक ठिपका सव्वा मिलिमीटरहून थोडा कमी, १.१५. ३.३ मीटरवरून चांगली नजर साधारण एक मिलिमीटरपर्यंतचं वेगळं ओळखते. म्हणजे ठिपका दिसतो-न दिसतो अशा सीमेवर. फोरकेने फरक पडतो, पण छताच्या पट्ट्याने पडला तेवढा नाही. शेवटी मुलाचं ऐकलं, कारण त्या छोट्या डब्याबद्दल तो अजून जरा खजील होता.

दिवा की लेझर? लेझरचे २०,००० तास सांगतात, तेही उजेड निम्मा होईपर्यंतचे. रोज दोन तास धरले तर २७ वर्षं. आम्ही बघतो आठवड्याला आठेक तास, त्या हिशोबाने ४,००० तासांचा दिवाही साडेनऊ वर्षं जाईल, तोवर मंद होईल तो भाग वेगळा. दिव्याचं घेतलं.

आवाज मात्र प्रोजेक्टरमधून घेऊ नका. माणूस समोर बोलतो आणि आवाज मानेमागून येतो, सासूबाई दोनदा वळून बघत होत्या. पडद्याखाली स्पीकर ठेवले.

परवा दुपारी चारला पहिल्यांदा दिवसा सिनेमा लावला. सगळं गच्च बंद. तरी खिडकीच्या दांडीवरून उजेडाची एक बोटभर फट छतावर, आणि ती बरोबर पांढऱ्या भागावर. कडेच्या खुर्चीतून आवाज आला, "पडदा जरा वर राहिलाय गं." मुलाने रिमोट उचलला. मी म्हटलं, "अरे, तो नाही, तो." दांडी झाकणारी झालर बेतून ठेवलीय, उरलेल्या अस्तरातली. शनिवारी शिवते.