ट्रिम चाललं! कॅश परत आली

मंडळी, रिअलटेक ९२१०बी चिपच्या यूएसबी एन्क्लोजरमधली (बाहेरच्या डबीतली) ती १ टीबीची टीएलसी एसएसडी (सेलमागे ३ बिट साठवणारी) अखेर ताळ्यावर आली. आठवत असेल, नवीकोरी असताना सलग राइटला सेकंदाला हजार एमबीच्या घरात जायची, मग प्रत्येक फेरीत आधीपेक्षा लवकर कोसळायला लागली. सगळं पुसून पुन्हा फॉरमॅट केली, तरी तेच.

तेव्हा तुमच्यापैकी बहुतेकांनी उष्णतेवर बोट ठेवलं होतं. घणसोलीतल्या मे महिन्यात ते पटण्यासारखंच होतं. म्हणून एन्क्लोजर टेबल फॅनसमोर ठेवलं आणि स्मार्टसीटीएल या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या कमांडने तापमानावर नजर ठेवली. तापमान उतरलं, वेग मात्र होता तिथेच पडला. उष्णता बाद!

उरली एसएलसी कॅश, म्हणजे राइट आधी झटपट झेलणारी जागा. टीएलसी सेलमध्ये ३ऐवजी १च बिट लिहायचा, म्हणजे रिकाम्या १ टीबीला फार तर ३३० जीबी कॅश, आणि ड्राइव्ह भरेल तशी ती आखडणार. माझी ड्राइव्ह तर रिकामी! पण पुसलेल्या ब्लॉक्सची खबर कंट्रोलरपर्यंत जातच नव्हती, त्याच्या हिशेबी ती ठासून भरलेली. ही खबर देणं म्हणजेच ट्रिम. त्यासाठीची लिनक्सची एफएसट्रिम कमांड चालवली की डिस्कार्ड (तेच ट्रिम) सपोर्टेड नाही, एवढंच उत्तर.

इथे लोक एन्क्लोजर बदलतात. त्याआधी एसजी_व्हीपीडी कमांडने प्रोव्हिजनिंगचं पान (एन्क्लोजर ट्रिम घेतं का, ते सांगणारं) उघडून बघा. माझ्याकडे त्यातला एलबीपीयू हा बिट चक्क १ निघाला. म्हणजे चिप अनमॅप (ट्रिमचं यूएसबीवरचं रूप) घ्यायला तयार, लिनक्सच पाठवत नव्हतं. सिसएफएसमधल्या (लिनक्स डिव्हाइसची सेटिंग्ज जिथे फाइलींसारखी दाखवतं तिथल्या) प्रोव्हिजनिंग मोडच्या फाइलीत ‘फुल’, म्हणजे अनमॅप बंद, होतं, तिथे ‘अनमॅप’ लिहिलं, एफएसट्रिम पुन्हा मारलं. कर्सर थोडा वेळ लुकलुकला आणि नऊशेहून जास्त जीआयबी ट्रिम झाल्याची ओळ उमटली. काय आनंद झाला म्हणून सांगू! नंतर एफआयओ या वेग मोजणाऱ्या प्रोग्रामचा ग्राफ पहिल्या दिवसासारखा लांबलचक सपाट आला. केबल काढून लावली की सेटिंग पुसलं जातं, म्हणून यूडेव्हमध्ये (डिव्हाइस जोडताच सेटिंग लावणाऱ्या यंत्रणेत) नियमही टाकलाय.

क्रिस्टलडिस्कमार्कच्या डीफॉल्ट १ जीआयबीच्या चाचणीत यातलं काहीच दिसत नाही, ती सगळी कॅशमध्येच उरकते. आणि ज्या दुकानदाराला आतली चिप कोणती हे सांगता येत नाही, त्याच्याकडून एन्क्लोजर घेऊच नका.

पुढे २० जीबीपीएसचं टू-बाय-टू (१० जीबीपीएसच्या दोन लेनचं) एन्क्लोजर घ्यायचं ठरवलं होतं. पण लॅपटॉपचा यूएसबी४ पोर्ट टू-बाय-टू देत नसेल तर गाडी १० वरच थांबणार, तेव्हा आधी पोर्टची खात्री. खरं तर हे लिहिता लिहिताच सुचलं: ड्राइव्ह बरोबर निम्मी भरून एफआयओ चालवायचं, कॅशही निम्मी होते का बघायचं. आज रात्री हेच. जेएमएस५८३ चिपच्या एन्क्लोजरवाल्यांनो, तुमचा एलबीपीयू काय दाखवतो तेवढं कळवा.